कमी कर्बोदकांच्या आहारात अन्नाचे वजन: काटा, कच्चे-शिजलेले आणि पाकिटावरचे आकडे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दिवसाला ५० ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा पाळत आहात, त्यासाठी डिजिटल काटा घेतला आहे आणि पानात येणारा जवळजवळ प्रत्येक पदार्थ मोजत आहात. तरीही एकाच जेवणाचा हिशेब दोन अ‍ॅपमध्ये दोन प्रकारे निघतो, भात कच्चा मोजावा की शिजलेला हे ठरत नाही आणि सर्वांसाठी एकत्र शिजवलेल्या पदार्थातला आपला वाटा कसा काढावा हे कळत नाही. इतके करूनही हवा तो परिणाम दिसत नसल्यामुळे ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यावा का, अशीही आपली विचारणा आहे.

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्याच्याशी जोडलेले आहे. नवा काटा घेऊन आपली अडचण सुटण्याची शक्यता फार कमी आहे. आहारतज्ज्ञ म्हणून लोकांच्या नोंदवह्या तपासताना मला वजनाच्या चुका क्वचित आढळतात; आढळते ते असे, की वजन बरोबर घेतलेले असते, पण त्याला ज्या आकड्याने गुणले तो आकडा त्या पदार्थाचा त्या अवस्थेतला नसतो. काटा एक-दोन ग्रॅमने चुकला तर शिजलेल्या भातात कर्बोदकांचा फरक अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पडतो. कच्च्या तांदळाचे वजन घेऊन त्याला शिजलेल्या भाताचा आकडा लावला, तर तोच फरक एका जेवणात २० ग्रॅमवर जातो. आपली दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कुठल्या चुकीच्या मागे लागायचे हे स्पष्ट होते.

म्हणून कच्चे आणि शिजलेले हा मुद्दा जरा विस्ताराने पाहू. शिजवताना पदार्थाचे वजन बदलते ते मुख्यतः पाण्यामुळे. तांदूळ आणि डाळी पाणी शोषून घेतात. मांस, भाज्या आणि बटाटे भाजताना किंवा परतताना पाणी सोडतात. कर्बोदके मात्र वाफेबरोबर उडून जात नाहीत. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात साधारण ७९ ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्याचा भात २८० ग्रॅम झाला तरी त्यात तेवढीच राहतात. फक्त ती आता जास्त वजनात पसरलेली असतात, म्हणून १०० ग्रॅम भातात ती सुमारे २८ ग्रॅम भरतात. आता समजा, आपण ४० ग्रॅम कच्चे तांदूळ मोजून शिजवले आणि अ‍ॅपमध्ये 'भात, शिजलेला' अशी नोंद निवडून ४० हा आकडा भरला, तर अ‍ॅप ११ ग्रॅम कर्बोदके दाखवील. पोटात मात्र जवळजवळ ३२ ग्रॅम गेलेली असतील. उलट दिशेनेही ही चूक होते, पण तिच्यात निदान मर्यादा ओलांडली जात नाही, माणूस विनाकारण उपाशी राहतो इतकेच.

मसुरीच्या डाळीचेही असेच आहे. कोरड्या मसुरीत १०० ग्रॅमला सुमारे ६३ ग्रॅम एकूण कर्बोदके असतात आणि त्यांपैकी जवळपास ११ ग्रॅम तंतू (फायबर), म्हणजे न पचणारा भाग, असतात. उकडलेल्या मसुरीत हाच एकूण आकडा २० ग्रॅमच्या आसपास येतो. बटाट्याच्या बाबतीत गणित उलटे फिरते. सोललेल्या २०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात तंतू वगळून ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. तो भाजून १४० ग्रॅम झाला, तर त्या १४० ग्रॅममध्येही ३० ग्रॅमच राहतात. भाजलेल्या बटाट्याचे वजन घेऊन त्याला कच्च्या बटाट्याचा आकडा लावणारा माणूस प्रत्येक वेळी जवळजवळ एक तृतीयांश कर्बोदके कमी मोजत असतो.

यावर नियम एकच आहे आणि तो न चुकता पाळावा: ज्या अवस्थेत वजन घेतले, त्याच अवस्थेचा आकडा वापरावा. निवड आपल्या हाती असेल तेव्हा मी नेहमी कच्चे आणि साफ केलेले वजन घ्यायला सांगतो. भात कोणी मऊ शिजवतो, कोणी फडफडीत. कोणी बटाटा नुसता उकडतो, कोणी कडक होईपर्यंत भाजतो. तक्त्यातला 'शिजलेला' हा आकडा कुणाच्या तरी ठरावीक पाण्याचा आणि ठरावीक वेळेचा असतो, आपल्या पातेल्यातला नसतो. कच्च्या पदार्थात ही अनिश्चितता खूप कमी असते.

भात सर्वांचा एकाच भांड्यात होत असेल, तर आपले तांदूळ वेगळे शिजवण्याची गरज नाही. शिजवण्यापूर्वी तांदळाचे वजन घ्यावे, रिकाम्या भांड्याचे घ्यावे, भात झाल्यावर भांड्यासकट घ्यावे आणि भांड्याचे वजन वजा करावे. ३०० ग्रॅम तांदळाचा ८४० ग्रॅम भात झाला असेल, तर आपले गुणोत्तर २.८ आले. आपल्या पानात ८४ ग्रॅम भात वाढला असेल, तर तो ३० ग्रॅम कच्च्या तांदळाइतका, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम कर्बोदकांचा. तांदळाची जात आणि पाण्याचे प्रमाण तेच ठेवले, तर हे गुणोत्तर दोन-तीन वेळा काढून सरासरी घेतली की पुढे रोज वापरता येते. तांदूळ बदलला की मात्र ते पुन्हा काढावे लागते.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण हल्ली तिचा आधार घेऊन बरेच जण स्वतःची फसवणूक करून घेतात. शिजवून थंड केलेल्या भातात किंवा बटाट्यात न पचणाऱ्या स्टार्चचे प्रमाण काहीसे वाढते, हे खरे आहे. पण ती वाढ पदार्थागणिक बदलते आणि ती घरी मोजता येत नाही. म्हणून हिशेबातून त्यापोटी एक ग्रॅमही वजा करू नये.

आता एकत्र शिजवलेल्या पदार्थाकडे येतो. पद्धत तीच आहे, फक्त जिन्नस जास्त असतात. प्रत्येक जिन्नस भांड्यात पडण्यापूर्वी मोजावा, त्याची कर्बोदके काढून बेरीज करावी, तयार पदार्थाचे वजन घ्यावे आणि बेरजेला त्या वजनाने भागावे. समजा, आपण चिकनचा रस्सा करत आहात. त्यात ६०० ग्रॅम कच्चे चिकन, सोललेला १५० ग्रॅम कांदा, २०० ग्रॅम टोमॅटो, १५ ग्रॅम लसूण, १०० ग्रॅम साय काढून केलेले घट्ट क्रीम, ३० ग्रॅम तेल आणि १० ग्रॅम कोरड्या मसाल्याच्या पुडी आहेत. तंतू वगळून कांद्याची ११.४ ग्रॅम, टोमॅटोची ५.४, लसणाची ४.६, क्रीमची २.८ आणि मसाल्यांची साधारण ४ ग्रॅम कर्बोदके धरली, तर बेरीज २८ ग्रॅम होते. चिकन आणि तेल यांचा वाटा शून्य. या यादीत १५ ग्रॅम लसूण जवळजवळ २०० ग्रॅम टोमॅटोइतकाच भरतो, हे नजरेतून सुटू देऊ नये. लसूण आणि कोरडे मसाले यांच्यात पाणी कमी असल्यामुळे कर्बोदके दाट असतात, आणि नोंदीतून नेमके तेच सर्वांत आधी गळतात.

तयार रस्सा भांडे वजा जाता ८९० ग्रॅम भरला, तर १०० ग्रॅममागे ३.१ ग्रॅम कर्बोदके झाली आणि २५० ग्रॅमच्या वाढपात ८ ग्रॅमच्या आत. हिशेब बरोबर आहे, पण तो एका अटीवर: त्या २५० ग्रॅममध्ये तुकडे आणि रस ज्या प्रमाणात भांड्यात आहेत त्याच प्रमाणात आले पाहिजेत. कर्बोदके सगळी रसात आहेत, चिकनमध्ये काहीही नाहीत. शिजलेले चिकन ४५० ग्रॅम आणि रस ४४० ग्रॅम असेल, तर नुसत्या रसात १०० ग्रॅममागे ६ ग्रॅमहून अधिक कर्बोदके येतात आणि २५० ग्रॅम नुसता रस घेणाऱ्याच्या पोटात १६ ग्रॅम जातात. म्हणजे एकाच भांड्यातून, एकाच वजनाचे वाढप घेऊन दोघांच्या हिशेबात दुपटीचा फरक पडू शकतो. अशा पदार्थात तुकडे आणि रस वेगळे मोजावेत. एकजीव असलेल्या सूपला मात्र नीट ढवळून वाढणे पुरते. आपल्या नेहमीच्या भांड्यांची रिकामी वजने एका कागदावर लिहून तो काट्याजवळ लावून ठेवावा. मी सांगतो त्या सगळ्या सूचनांमध्ये ही सर्वांत क्षुल्लक वाटते, पण माझ्या अनुभवात लोक वर्षानुवर्षे पाळतात ती हीच.

दोन अ‍ॅप दोन आकडे का देतात, याचे उत्तर बहुतेक वेळा तंतूंच्या हिशेबात सापडते. अन्नातील कर्बोदके मोजण्याच्या दोन परंपरा आहेत. पहिलीत पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि राख (म्हणजे खनिजे) यांची बेरीज १०० मधून वजा करतात आणि जे उरेल त्याला एकूण कर्बोदके म्हणतात. त्यात तंतू आपोआप आलेले असतात. दुसरीत शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारी कर्बोदके, म्हणजे शर्करा आणि स्टार्च, तेवढीच धरतात. हा भेद मॅकान्स आणि लॉरेन्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९२९ साली मांडला, तोही मधुमेहींच्या आहाराचा विचार करताना. अमेरिका आणि कॅनडामधील पाकिटांवरचा कर्बोदकांचा आकडा पहिल्या परंपरेतला आहे, म्हणून तेथे त्यातून तंतू वजा करावे लागतात. युरोपीय संघ, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया येथील पाकिटांवर तंतू आधीच वगळलेले असतात. त्यांतून ते पुन्हा वजा करणे म्हणजे एकच रक्कम दोनदा वळती करणे. अ‍ॅपमध्ये दोन्ही प्रकारच्या नोंदी शेजारी शेजारी असतात आणि कुठली कोणत्या प्रकारातली हे बहुधा लिहिलेले नसते.

पाकीट कुठल्या परंपरेतले आहे हे ओळखायला कोरड्या पदार्थांच्या बाबतीत एक सोपी बेरीज पुरते. १०० ग्रॅममागची प्रथिने, स्निग्ध पदार्थ, कर्बोदके आणि तंतू हे चारही आकडे मिळवून पाहावेत. बदामाचे उदाहरण घ्या: प्रथिने २१, स्निग्ध पदार्थ ५०, कर्बोदके साडेएकवीस आणि तंतू साडेबारा. बेरीज १०५ होते, आणि १०० ग्रॅम बदामात १०५ ग्रॅम घटक मावणे शक्य नाही. म्हणजे तंतू कर्बोदकांच्या आकड्यात आधीच मोजलेले आहेत आणि ते वजा करणे योग्य आहे. त्याच बदामाच्या पाकिटावर कर्बोदके ९ लिहिलेली असतील, तर बेरीज ९२ च्या पुढे थोडी जाते आणि उरलेली जागा पाणी व खनिजांची असते. तेथे काहीही वजा करायचे नाही. तंतूंचा आकडा कर्बोदकांपेक्षा मोठा दिसला, जसा जवसाच्या काही पाकिटांवर दिसतो, तर बेरजेचीही गरज नाही. तंतू नक्कीच वगळलेले आहेत.

स्टार्चच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ब्रिटनच्या अधिकृत तक्त्यांत कर्बोदके ग्लुकोजसारख्या साध्या शर्करेच्या रूपात मांडण्याची पद्धत आहे आणि पचनात स्टार्चला पाणी जोडले जात असल्यामुळे १०० ग्रॅम स्टार्च तेथे ११० ग्रॅम म्हणून दिसतो. त्यामुळे एकाच तांदळाचे दोन अधिकृत आकडे दहा टक्क्यांपर्यंत वेगळे असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. यावर उपाय एवढाच, की एक अधिकृत तक्ता निवडावा आणि सगळ्या नोंदी त्याच्याच आधाराने कराव्यात. कोणीही भरू शकेल अशा नोंदींवर चालणाऱ्या अ‍ॅपवर मी भरवसा ठेवत नाही. अ‍ॅप वापरायचेच असेल, तर आपण नेहमी खात असलेल्या वीस-तीस पदार्थांच्या नोंदी एकदा तक्त्याशी ताडून स्वतः भरून ठेवाव्यात.

पाकिटावरील शून्याकडेही सावधपणे पाहावे. अमेरिकेच्या नियमानुसार एका वाढपात अर्ध्या ग्रॅमहून कमी कर्बोदके असतील, तर ती शून्य म्हणून लिहिता येतात. घट्ट क्रीममध्ये १०० ग्रॅमला २.८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. वाढप १५ ग्रॅमचे धरले, तर ती ०.४ ग्रॅम भरतात आणि लेबलवर शून्य होतात. दिवसभरात अशी दहा वाढपे घेणाऱ्याच्या पोटात ४ ग्रॅम कर्बोदके गेलेली असतात आणि नोंदीत एकही नसते. म्हणून वाढपामागचा आकडा बाजूला ठेवून शक्य तेथे १०० ग्रॅममागचा आकडा घ्यावा.

साखरेऐवजी गोडी आणणाऱ्या शर्करा-अल्कोहोलांपैकी एरिथ्रिटॉल पूर्ण वजा केले तर चालते, कारण ते जवळजवळ तसेच शरीराबाहेर टाकले जाते. माल्टिटॉल मात्र रक्तातील साखर वाढवते. ते वजा करू नये असेच मी सांगतो.

आता खुद्द काट्याविषयी. पाच किलोपर्यंत तोलणारा आणि १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा काटा स्वयंपाकघराला पुरेसा आहे. पडद्यावर किती बारीक आकडा दिसतो आणि तो आकडा किती खरा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काटा सपाट आणि कठीण पृष्ठभागावर ठेवावा, भांडे मधोमध ठेवावे, गरम पातेले थेट तबकडीवर ठेवू नये आणि आकडे अस्थिर होऊ लागले की आधी बॅटरी बदलून पाहावी. तपासणीसाठी २०० किंवा ५०० ग्रॅमचे प्रमाणित वजन मिळाले तर उत्तम. पाणी वापरायचे झाल्यास एक लिटर पाण्याचे वजन २० अंश सेल्सियसला ९९८ ग्रॅम असते, हे ठीक आहे. पण घरातले मापाचे भांडे स्वतःच तितके अचूक नसते, म्हणून त्या तपासणीला मर्यादा आहेत.

एक दोष मात्र फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच काट्यांमध्ये शून्य स्थिर ठेवण्यासाठी अशी योजना असते, की तबकडीवर अगदी हळूहळू झालेला लहानसा बदल काटा स्वतःच शून्यात जमा करून टाकतो. वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि त्यात बदामाची पूड चिमटीचिमटीने टाकत राहिले, तर पहिले दोन-तीन ग्रॅम नोंदलेच जात नाहीत. थोड्या प्रमाणात घ्यायच्या सर्व पदार्थांसाठी म्हणून उलटे मोजावे. पूर्ण बरणी काट्यावर ठेवावी, टेअर बटण दाबून शून्य करावे, चमच्याने हवे तेवढे काढावे आणि उणे चिन्हासह जो आकडा दिसेल तेवढे वजन आपण घेतले असे समजावे. शेंगदाण्याचे किंवा बदामाचे लोणी, मध, चीज आणि क्रीम यांच्यासाठी ही रीत फार उपयोगी पडते, कारण चमच्याला चिकटून राहिलेला भागही तोंडात जाणार असतो आणि तो हिशेबात येतो.

चमचे आणि कप यांच्यावर कर्बोदकांचा हिशेब बेतू नये. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटरचा असतो. कप २०० पासून २५० मिलिलिटरपर्यंत काहीही असतो आणि पीठ सैल भरले की दाबून, यावर एकाच कपातले वजन बदलते. मिलिलिटर आणि ग्रॅम हे पाण्याबाबत सारखे चालतात, दुधाबाबत जवळजवळ चालतात, मधाबाबत मुळीच चालत नाहीत. १५ मिलिलिटर मध सुमारे २१ ग्रॅम भरतो आणि त्यात १७ ग्रॅम कर्बोदके असतात. तो १५ ग्रॅम धरणारा माणूस ५ ग्रॅम विसरतो.

खाण्याजोगा भाग किती, हेही पाहावे. तक्त्यांतले आकडे साल, बी, कोय, हाड वगळून दिलेले असतात. सालीसकट १५० ग्रॅमच्या केळ्यात गर शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर असतो आणि त्यात तंतू वगळून २० ग्रॅम कर्बोदके असतात. सालीसकट वजन भरले तर अ‍ॅप ३० दाखवते. डबाबंद पदार्थात पाणी निथळल्यानंतरचे वजन घ्यावे आणि गोठवलेल्या भाज्यांवर बर्फाचा थर असेल, तर तो वितळून गेल्यावर मोजावे.

सगळेच पदार्थ इतक्या काटेकोरपणे मोजायचे का, असा प्रश्न आता मनात येईल आणि तो रास्त आहे. चूक किती महाग पडेल हे पदार्थातील कर्बोदकांच्या दाटीवर अवलंबून असते. काकडी अंदाजाने घेतली आणि २० ग्रॅमची चूक झाली, तर कर्बोदकांत ०.६ ग्रॅमचा फरक पडतो. तीच चूक बदामात झाली तर दोन ग्रॅमच्या आत, काजूत झाली तर साडेपाच ग्रॅमच्या जवळ आणि साखरेत झाली तर अख्ख्या २० ग्रॅमचा. काजू आणि बदाम यांत तंतू वगळल्यावर तिपटीचे अंतर आहे. 'सुकामेवा चालतो' असे सरसकट म्हणत मूठभर काजू खाणाऱ्यांचा हिशेब येथेच बिघडतो. म्हणून तृणधान्ये, पिठे, डाळी, कंदमुळे, फळे, सुकामेवा, दूध-दही आणि तयार सॉस रोज मोजावेत. कांदा, गाजर, टोमॅटो, बीट हेही मोजावेत, मात्र पाच ग्रॅमची घासाघीस करू नये. पालेभाज्या, काकडी, कोबी, फ्लॉवर यांचे वाढप एकदा मोजून डोळ्यांत बसवले की पुरे. अंड्यात अर्ध्या ग्रॅमहून कमी कर्बोदके असतात. मांस-मासे मोजायचे ते प्रथिनांसाठी, कर्बोदकांसाठी नाही. यकृत तेवढे अपवाद आहे, त्यात १०० ग्रॅमला ४ ग्रॅमच्या आसपास असतात.

अचूकता किती हवी हे हेतूवर ठरते, याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण अपस्माराच्या उपचारातले आहे. १९२१ साली मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी कीटोजेनिक, म्हणजे अतिशय कमी कर्बोदकांचा आणि भरपूर स्निग्ध पदार्थांचा, आहार सुचवला आणि पुढे त्याच्या पारंपरिक स्वरूपात प्रत्येक घास ०.१ ग्रॅमपर्यंत तोलण्याची शिस्त आली, कारण तेथे स्निग्ध पदार्थांचे इतर घटकांशी ४:१ हे प्रमाण राखायचे असते. जॉन्स हॉपकिन्समधून २००३ साली पुढे आलेल्या सुधारित पद्धतीत मात्र काटा बाजूला ठेवून फक्त कर्बोदके मोजली गेली, आणि तरीही अनेक रुग्णांमध्ये झटके कमी झाले. जेथे रोगाची गरज इतकी नाजूक आहे तेथेही प्रत्येकाला दशांश ग्रॅम लागत नाही, तर वजन किंवा रक्तातील साखर आटोक्यात आणण्यासाठी ५० ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्याने दिवसाकाठी तीन-चार ग्रॅमची अनिश्चितता शांतपणे स्वीकारावी. भाजीपाल्याची कर्बोदके जातीनुसार आणि पिकण्यानुसार मुळातच त्याहून अधिक बदलतात.

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. कर्बोदके कमी केली की औषधाची मात्राही कमी करावी लागते, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. एसजीएलटी-२ गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) मधुमेहाच्या औषधांबरोबर अतिशय कमी कर्बोदके घेतल्यास रक्तात कीटोन साचून आम्लता वाढण्याचा धोका असतो आणि तेव्हा साखर फार वाढलेली नसल्यामुळे तो उशिरा लक्षात येतो. यांपैकी कुठलेही औषध आपण घेत असाल, तर काट्याचा विचार करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला. ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक विकार झाला आहे, त्यांना मी अन्न तोलायला सांगतच नाही. त्यांच्यासाठी हाताच्या मापांवर आधारलेला आहार ठरवता येतो.

राहिला प्रश्न परिणाम न दिसण्याचा. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला १२०० किलोकॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या व्यक्तींचे खाणे शास्त्रीय पद्धतीने तपासले, तेव्हा त्यांच्या प्रत्यक्ष आहारातील सरासरी ४७ टक्के ऊर्जा नोंदीत आलेलीच नव्हती. मी हे आपल्यावर संशय म्हणून सांगत नाही. नोंदीतून जे निसटते ते बहुधा अन्न म्हणून लक्षातच येत नाही. चहा-कॉफीतले दूध घ्या: प्रत्येक कपात ६० मिलिलिटर आणि दिवसाला चार कप, म्हणजे १२ ग्रॅम कर्बोदके, आपल्या मर्यादेचा जवळजवळ चौथा हिस्सा. चव घेताना खाल्लेले दोन-तीन चमचे, मुलांच्या ताटातले उरलेले, येता-जाता उचललेले काजू, औषधी सिरप आणि चघळायच्या गोळ्या हे सगळे याच प्रकारात मोडते.

म्हणून मर्यादा ५० वरून ३० वर आणण्याची घाई करू नका. पुढचे दोन आठवडे पेये आणि चाखण्यासह सगळे लिहा. त्याच काळात आपल्या नोंदींमधील सर्वाधिक कर्बोदकांचे दहा पदार्थ काढून प्रत्येकासमोर तीन गोष्टी नोंदवा: वजन कच्चे घेतले की शिजलेले, लावलेला आकडा कोणत्या अवस्थेचा, आणि तंतू एकदाच वजा झाले की दोनदा. साखर मोजण्याचे यंत्र घरी असेल, तर त्यांपैकी संशयास्पद वाटणारा एक-एक पदार्थ जेवणात ठेवून जेवणापूर्वीची आणि दोन तासांनंतरची साखर त्याच्यापुढे लिहा. हा कागद तयार झाला, की मर्यादा खरोखर बदलायला हवी का, हे आकडे पाहूनच ठरवता येईल.